शूनेमच्या बाईची अर्धी गोष्ट

माझ्या प्रार्थनेच्या वहीत प्रत्येक पानावर चार रकाने आखलेले असतात. पहिल्यात नाव, दुसऱ्यात विनंती, तिसऱ्यात ती माझ्याकडे आली तो दिवस, आणि चौथा रकाना उत्तरासाठी. उत्तर आलं की मी तिथे हिरव्या पेनाने खूण करते. आमच्या चर्चच्या महिला मंडळाची मी चिटणीस आहे आणि अशा वह्यांनी माझ्या कपाटाचा एक खणच भरला आहे. गेल्या जानेवारीत एका दुपारी दवाखान्यातल्या बाकावर बसून मी ती वही उघडली, पेन काढलं, आणि माझ्याच नातीसाठी मला एक ओळ लिहिता येईना. तिचं नाव अजून ठेवलेलं नाही, हे मी स्वतःला दिलेलं कारण. खरं कारण वेगळं होतं. ती ओळ लिहिली आणि चौथा रकाना कोराच राहिला, तर त्या कोऱ्या रकान्याकडे मी उरलेलं आयुष्य कशी बघणार होते? दुसऱ्यांसाठी प्रार्थना करताना ही भीती मला कधी शिवली नव्हती. म्हणजे माझा विश्वास इतरांच्या दुःखापुरताच होता की काय? हा प्रश्न त्या बाकावर पहिल्यांदा माझ्यासमोर उभा राहिला, आणि मला त्याच्या नजरेला नजर देता येईना.

झालं होतं असं. माझी मुलगी स्नेहल सातव्या महिन्यात बाळंतपणासाठी माझ्या नंदनवन वस्तीतल्या घरी आली. तिची औषधं, तपासण्या, खाणंपिणं, सगळ्याची यादी करून मी फ्रिजच्या दारावर लावली होती. जे घडलं ते त्या यादीत नव्हतं. एका सकाळी तिचा रक्तदाब एकाएकी वाढला, झटके आले आणि दुपारच्या आत पोट उघडून बाळ बाहेर काढावं लागलं. स्नेहल खालच्या मजल्यावर अतिदक्षता विभागात, औषधांच्या गुंगीत. बाळ वरच्या मजल्यावर, नवजात बाळांच्या कक्षात, काचेच्या पेटीत. वजन बाराशे ग्रॅम. माझे यजमान सहा वर्षांपूर्वी प्रभूकडे गेले. जावई आखातात नोकरीला, रजा आणि तिकीट हातात पडून त्याला पोचायला पाच दिवस लागणार होते, आणि त्याची आईही हयात नाही. त्यामुळे दोन मजल्यांमधल्या जिन्यावर धावणारी मी एकटीच होते, आणि खरं सांगायचं तर त्याची मला आत कुठेतरी फुशारकीही होती. मंडळातल्या बायकांचे फोन येत. स्नेहलला देखरेखीसाठी दाखल केलंय एवढंच मी सांगितलं होतं. बाळ झाल्याचंही सांगितलं नव्हतं. "कसं आहे गं?" असं कुणी विचारलं की माझ्या तोंडून तीन शब्द आपोआप निघत: सगळं ठीक आहे.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. बाळ आपला श्वास आपण घेतंय ही चांगली गोष्ट, पण मधूनच श्वास घ्यायला विसरतं, निळं पडतं, मग सिस्टरला त्याच्या तळपायाला टिचकी मारून आठवण करून द्यावी लागते. अंगात ऊब टिकत नाही. अशा बाळाला माणसाच्या उघड्या छातीशी, कातडीला कातडी लावून, तासन्‌तास धरून ठेवलं तर ते माणसाच्या उबेने आणि श्वासाच्या तालाने सावरतं, असं ते म्हणाले. आई खाली गुंगीत होती, म्हणून घरातल्या दुसऱ्या निरोगी बाईने धरायचं. मी लगेच उठले. पण तीन दिवसांच्या धावपळीत आणि थंडीत मला सर्दी झाली होती. कक्षाच्या दारातच सिस्टरने माझ्या कपाळाशी तापमापक धरलं आणि मान हलवली.

"आजी, तुमाले ताप आहे. तुमाले आत घेता येत नाही. दुसरी कोणी बाई आणा घरची."

"घरची दुसरी कोणी नाही."

"असं कसं नाही? तीन दिवसांपासून पाहून राहिली मी, तुमचा फोन तर बंदच होत नाही," ती म्हणाली आणि दार लोटून आत गेली.

तेव्हा मी त्या बाकावर येऊन बसले आणि वही उघडली. ओळ लिहिता येईना म्हणून वही मिटली आणि पिशवीतलं पवित्र शास्त्र काढलं. त्यातही माझा एक कामाचा कागद होता. येत्या रविवारी आमचा महिला रविवार होता आणि विषय मीच ठरवला होता: बायबलमधल्या अशा स्त्रिया, ज्यांची आपल्याला फारशी आठवण होत नाही. सारा, रूथ, एस्तेर, मरीया यांच्यावर दरवर्षी बोलून झालं होतं. म्हणून मी शोधून शोधून बारा जणी काढल्या. आपल्या मेलेल्या मुलांच्या देहांवर पाखरं बसू नयेत म्हणून खडकावर गोणपाट अंथरून राखण करणारी रिस्पा, राजाने जिच्याकडे विचारायला माणसं धाडली ती संदेष्टी हुल्दा, पौलाचं पत्र रोमला नेणारी फिबी, आणि अशाच इतर. प्रत्येकीने एकीवर पाच मिनिटं बोलायचं. माझ्यासाठी मी शूनेमची बाई ठेवली होती, कारण ती मला आपल्यातली वाटली. अलीशा संदेष्टा तिच्या गावावरून येजा करतो हे बघून ती नवऱ्याला म्हणते, याच्यासाठी माडीवर एक खोली काढू. त्यात खाट ठेवू, मेज ठेवू, बसायला चौरंग आणि एक दिवा. बघा, चार वस्तू, आणि एकही जास्तीची नाही! पुढे अलीशा तिला विचारतो, तुझ्यासाठी राजाकडे काही शब्द टाकू का? ती म्हणते, मी माझ्या लोकांत राहते. मला काही नको. माझं पाच मिनिटांचं भाषण इथेच संपत होतं. व्यवस्था करणारी आणि स्वतःसाठी काही न मागणारी स्त्री. शास्त्रातही त्या ओळीखाली मी दोन रेघा ओढल्या होत्या.

त्या दुपारी मी पहिल्यांदा त्या रेघांच्या पुढचं वाचलं. गोष्ट मला माहीत नव्हती असं नाही. लहानपणापासून ऐकलेली होती, पण पाच मिनिटांत बसत नाही म्हणून मी ती तिथेच कापली होती. नवरा म्हातारा झालेला असताना त्या बाईला मुलगा होतो. तो शेतात बापाकडे जातो, डोकं दुखू लागतं, आईच्या मांडीवर आणून ठेवतात आणि दुपारी तो मरतो. ती त्याला संदेष्ट्याच्या खाटेवर ठेवते, दार लावते आणि गाढवावर खोगीर घालायला सांगते. नवरा विचारतो, आज कशाला जातेस? ती म्हणते, ठीक आहे. वाटेत अलीशाचा सेवक गेहजी सामोरा येऊन विचारतो, सगळी बरी आहात ना, मुलगा बरा आहे ना? आणि घरी मुलाचं प्रेत ठेवून आलेली ती बाई म्हणते, ठीक आहे. ही बाई माझ्यासारखी आहे असं मी म्हटलं होतं, पण कशात, ते मला आता कळलं.

पुढे तर मला आणखी बोचलं. अलीशा आधी गेहजीच्या हाती आपली काठी देऊन पुढे धाडतो. गेहजी ती काठी मुलाच्या तोंडावर ठेवतो आणि काही होत नाही. ना आवाज, ना हालचाल. मग अलीशा स्वतः येतो, त्या लेकरावर पालथा पडतो, तोंडाला तोंड, डोळ्यांना डोळे, हातांना हात लावतो, आणि त्या लेकराचा देह ऊबदार होऊ लागतो. मी काचेतून आत बघितलं. डॉक्टर मला हेच तर सांगत होते. आणि मी इतकी वर्षं काय करत होते? डब्यांच्या याद्या, भेटींच्या याद्या, प्रार्थनेच्या याद्या. एका घरून दुसऱ्या घरी मी काठ्याच पाठवत होते. त्या वाया गेल्या असं मी म्हणणार नाही, डबा हा डबाच असतो आणि भुकेल्याला तो लागतोच. पण मी स्वतः कुणाला जवळ घेऊन, आपल्या अंगाची ऊब द्यायला, कधी गेले नव्हते. जिच्या मांडीवर मूल मेलं ती बाईसुद्धा शेवटी संदेष्ट्याच्या पायांना मिठी मारते. मी अजून 'ठीक आहे' वरच उभी होते.

मग मी फोन काढला. आता सांगते ते सांगायला लाज वाटते, पण सांगते. मागायला बसले तरी सवय सुटेना. मंडळाला निरोप पाठवायला माझ्या फोनमध्ये एक ठरलेली यादी आहे. एकदा लिहिलं की तोच निरोप एकेकीला स्वतंत्र जातो. मी लिहिलं: 'एका कुटुंबातील अपुऱ्या दिवसांच्या बाळाला छातीशी धरून ऊब देण्यासाठी निरोगी भगिनींची तातडीने आवश्यकता आहे.' खाली दवाखाना, मजला आणि कक्ष. नाव लिहिलं नाही. 'माझ्या घरी' हे दोन शब्द लिहिण्यासाठी बोट तीनदा गेलं आणि तीनदा मागे आलं. थोड्याच वेळात उत्तरं येऊ लागली. जोडलेले हात. अकरा जणींचे जोडलेले हात, आणि 'प्रार्थना करत आहोत'. आमची खजिनदार सरोज, माझी शाळेपासूनची मैत्रीण, तिचा फोन आला.

"कुणाचं गं बाळ? नवीन कुटुंब का? तू पाळ्यांची यादी लाव, त्यात माझंही नाव घाल."

"लावते."

"स्नेहल कशी आहे?"

"सगळं ठीक आहे," मी म्हटलं.

दोष त्यांचा नव्हता. माझे निरोप नेहमी दुसऱ्या कुणासाठी असत, आणि निरोपामागून माझी यादी येई, हे त्यांना मीच शिकवलं होतं. त्या सगळ्या घरी बसून त्या यादीची वाट बघत होत्या. ती मी केली नाही. त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा अशी प्रार्थना केली जिच्यात मुद्दे नव्हते. फक्त म्हटलं, "प्रभू, मला मागताही येत नाही. तूच बघ."

दुसऱ्या दिवशी सकाळी कक्षापाशी गेले तर सिस्टरचा चेहरा ओढलेला. पहाटेपासून बाळ दोनदा निळं पडलं होतं. आज ऊब टिकली नाही तर श्वासाच्या यंत्रावर घालावं लागेल, आणि एवढ्याशा जिवाला ते झेपेल की नाही सांगता येत नाही, असं डॉक्टर बोलून गेले होते. "कोणी आलं का?" सिस्टरने विचारलं. मी काही म्हणायच्या आत मागून आवाज आला.

"बाळाले धराले बाई पाहिजे होती, ते इथंच का?"

वळून बघते तर कमलबाई. अंगावर शाल, डोक्यावर घट्ट बांधलेला रुमाल, हातात कापडी पिशवी. कमलबाई पारशिवनीच्या. दीडेक वर्षापूर्वीपर्यंत त्या महिन्यातून एकदा एसटीने आमच्या सभेला येत, मागच्या बाकावर बसत आणि परतीची बस चुकू नये म्हणून शेवटचं गाणं अर्ध्यावर सोडून निघत. मग त्या लागोपाठ तीन सभांना आल्या नाहीत. न कळवता तीन सभा चुकल्या की नाव कमी करायचं, असा आमच्या मंडळाचा नियम आहे, आणि तो नियम मीच मांडून मंजूर करून घेतलेला आहे. मी लाल पेनाने रेघ मारली आणि रीतसर चिठ्ठी पाठवली. त्या का आल्या नाहीत हे मी विचारलं नव्हतं. आता त्या माझ्यासमोर उभ्या होत्या, आणि त्यांच्या घरापासून दवाखाना दोन-अडीच तासांच्या वाटेवर होता.

"तुम्हाला कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"कोण सांगन? तुमीच तर मेसेज पाठवला काल. पह्यल्याच बसनं निंघाली मी."

"पण हे बाळ माझं, म्हणजे आमच्या स्नेहलचं, हे..."

"ते काय कठीण आहे, ताई? तुमी दर वेळेस नाव लिहिता न, अमक्या बहिणीच्या घरी डबा, तमकीच्या घरी प्रार्थना. काल नावच नव्हतं. मी म्हटलं, बिना नावाचं घर आपल्या ताईचंच असन."

सिस्टरने विचारलं, "ह्या घरच्या आहेत?" मी म्हटलं, "हो. घरच्या आहेत." डॉक्टरांना विचारून तिने त्यांना आत घेतलं. खोकला नाही, ताप नाही, अंगावर काही फोड-पुरळ नाही हे बघितलं आणि गरम पाण्याने अंग धुवायला पाठवलं. "सकाळीच आंघोळ करून आली वं माय," कमलबाई कुरकुरल्या, "एका दिवसात दोन आंघोळी म्हणजे माहं काय लगन लागून राहिलं का?" आतल्या सगळ्या सिस्टर हसल्या. चार दिवसांत त्या मजल्यावर मी ऐकलेलं ते पहिलं हसू. मग त्यांनी आपल्या पिशवीतून जुन्या सुती लुगड्याचा धुऊन मऊ केलेला तुकडा काढला. सिस्टरने तो हाताळून बघितला, दवाखान्याचं कापड आत आणि तो वरून, असं बांधायला परवानगी दिली. कक्षाला लागून एक लहान खोली होती. तिथे आरामखुर्चीत त्या रेलून बसल्या आणि सिस्टरने ते बाराशे ग्रॅमचं बाळ बेडकासारखं पाय दुमडून त्यांच्या उघड्या छातीवर ठेवलं. मला तोंडाला मास्क लावून दाराबाहेर स्टुलावर बसायची मुभा मिळाली.

कमलबाईंनी बाळ धरलं ते कुणी शिकवल्यासारखं नाही, आधी केलेलं असल्यासारखं. मान कुठे वळवायची, हात पाठीवर किती दाबायचा, सगळं ठाऊक. मी विचारलं तेव्हा त्या सहज म्हणाल्या, "माही नात अशीच झाली होती. सूनबाईले बरं नव्हतं. तिकडच्या सरकारी दवाखान्यात मी अन् माह्या पोरानं पाळीपाळीनं छातीवर वागवली तिले. दोन महिने. आता अशी पळते अंगणात, कोंबड्यांचा जीव खाते नुस्ता."

कधीची गोष्ट, हे मी विचारलं नाही. मला हिशोब जमतो. तीन सभा, तीन लाल रेघा.

"कमलबाई," मी दाराबाहेरून म्हटलं, "मी तुमचं नाव कापलं तेव्हा तुम्ही..."

"चिठ्ठी भेटली होती न मले. ठेवली आहे मी. अक्षर लय सुरेख आहे तुमचं." त्या हसल्या. "वाईट वाटलं होतं, खोटं काहून बोलू? पण मेसेज तर तुमचे येतच राहिले. प्रत्येक महिन्याले. मी म्हटलं, ताईनं वहीतून कापलं, मनातून नाही कापलं. नियम म्हणून कापा लागलं असन बिचारीले."

खरं हे होतं की वहीतलं नाव कापताना फोनमधल्या यादीतलं काढायचं माझ्याकडून राहून गेलं होतं. माझ्यासारखीच्या हातून अशी चूक व्हायला नको होती, पण झाली होती आणि दीड वर्ष माझ्या ध्यानातही आली नव्हती. गप्प राहिले असते तर त्यांच्या मनातला माझा चांगुलपणा तसाच राहिला असता. पण ज्या बाईच्या छातीवर माझी नात श्वास घेत होती तिच्याशी खोटं वागणं माझ्याने होईना. मी सांगून टाकलं. "कमलबाई, मी मनाने मोठी नाही. ती माझी चूक होती. काढायचं विसरले होते."

बाळ हलू नये म्हणून हसू दाबत कमलबाई म्हणाल्या, "तुमच्या हातून बी चुकते? हे आइकूनच लय बरं वाटलं वं ताई!"

मग त्यांनी मला आणखी एक सांगितलं. महिला रविवारचा निरोपही त्यांना गेला होताच. नाव कापलेलं, त्यामुळे यायचं तर नव्हतं, पण विषय आवडला म्हणून घरच्या घरी त्यांनी तयारी केली होती. शिप्रा आणि पुवा, मिसर देशातल्या दोन सुइणी. "सांगू का?" त्यांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता बाळाच्या कानाशी सुरू झाल्या. "राजा म्हणे, इब्री बायकांले पोरगं झालं का मारून टाका. ह्या दोघी म्हणे, हो जी, हो जी. आन् गेल्या, आन् लेकरं जित्ते ठेवले. राजा तापला. म्हणे, काहून जी, पोट्टे कसे वाचून राहिले? ह्या म्हणे, काय सांगू महाराज, ह्या बायका लय दणकट, आमी पोचाच्या आधीच मोकळ्या होऊन जातात! राजाच्या तोंडावर! भ्याल्या नाही. देवाले भेत होत्या न, मंग राजाले कायले भ्यायचं? तू बी नको भेऊ वं बाई. श्वास घेत जाय, बस. तुह्यं काम तेवढंच."

मी महिला रविवारी ऐकलेल्या कुठल्याही भाषणाने मला इतकं रडवलेलं नाही. आणि तिथे, त्या स्टुलावर, मी पिशवीतून वही काढली. पहिल्या रकान्यात लिहिलं, 'माझी नात'. दुसऱ्यात, 'श्वास'. तिसऱ्यात त्या दिवसाची तारीख. चौथा कोरा सोडला आणि वही मिटली. पुढे काय होणार हे मला अजून माहीत नव्हतं. खिडकीतून आलेलं ऊन कमलबाईंच्या पायांवर पडलं होतं. कोऱ्या रकान्याची मला भीती वाटली नाही, कारण तो भरायचं काम माझं नव्हतं.

त्या दिवशी कमलबाईंनी बाळाला सहा तास धरलं. सिस्टर दर तासाला तापमान लिहून जाई. पहिल्या तासाला काही फरक नाही. दुसऱ्या तासाला थोडा. तिसऱ्या वेळी ती आत गेली, बाहेर येताना माझ्याकडे बघून म्हणाली, "गरम आहेत पाय, आजी." त्या दिवसभरात बाळ एकदाही निळं पडलं नाही. मी एवढंच लिहिते. याच्यावर आणखी काही म्हणायचा मला अधिकार नाही.

दुपारी मी मंडळाला दुसरा निरोप पाठवला. या वेळी बोट मागे आलं नाही. 'ते बाळ माझ्या स्नेहलचं आहे. मला तुमची गरज आहे.' संध्याकाळच्या आत त्या मजल्यावर सहा जणी उभ्या होत्या. सरोज गुडघ्यावर हात ठेवत जिना चढून आली आणि सगळ्यांसमोर माझ्यावर बरसली. "लाज नाही वाटली तुला? माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनला तू सतरा दिवस माझ्या घरी डबे लावलेस, आणि माझ्यावर फोनवर नुसते हात जोडायची पाळी आणलीस?" मी सवयीने पाळ्यांची यादी करायला वही काढली. तिने ती माझ्या हातातून ओढून घेतली आणि स्वतः लिहायला बसली. पहिल्या ओळीत तिने माझं नाव लिहिलं आणि पुढे लिहिलं: 'घरी जाऊन झोपणे.' मंडळाच्या कुठल्याही यादीत कुणीतरी माझ्यासाठी काही लावून दिल्याची ती पहिली वेळ. मी मुकाट्याने घरी गेले.

स्नेहलची गुंगी पाचव्या दिवशी उतरली. डोळे उघडून तिने पहिलं विचारलं, "आई, बाळ?" सवयीचे तीन शब्द माझ्या ओठांपर्यंत आले होते. मी ते गिळले आणि म्हटलं, "खूप भीती वाटली गं मला. अजूनही वाटते आहे. पण या घडीला ती कमलबाईंच्या छातीवर आहे आणि श्वास घेते आहे." एवढं बोलले आणि तिच्या पलंगाच्या कठड्यावर डोकं टेकून हमसून रडले. सुया लावलेल्या हाताने तिने माझे केस सारखे केले. माझ्या मुलीने मला रडताना बापाच्या दफनाच्या दिवशीही बघितलं नव्हतं. जावई त्याच दिवशी पोचला आणि विमानतळावरून तडक येऊन शर्टाची बटणं सोडतच आत गेला. नंतरच्या दिवसांत त्याने आणि स्नेहलने बाळाला धरलं, आणि आमच्या बायका त्या दोघांना जेवू-झोपू घालत राहिल्या. कमलबाई नऊ दिवस माझ्या घरी राहिल्या आणि तेवढ्यात माझ्या फ्रिजच्या दारावरची यादी काढून तिथे लाटलेल्या पापडांच्या पिशव्या अडकवून गेल्या.

पाच आठवड्यांनी बाळ घरी आलं. स्नेहलने नाव ठेवलं शिप्रा. त्या दिवशी कमलबाई पारशिवनीहून तुरीच्या शेंगा घेऊन आल्या होत्या. मी वही उघडून त्यांच्यापुढे धरली आणि हिरवं पेन हातात दिलं. "मी कायले करू?" त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "तुम्हीच करा." त्यांनी कोऱ्या रकान्यात जपून एक खूण केली, जरा वाकडी, रकान्याच्या बाहेर गेलेली. माझ्या सगळ्या वह्यांत रेघेबाहेर गेलेली ती एकच खूण आहे.

गेल्या वर्षीचा तो रविवार माझा दवाखान्यातच गेला. या वर्षी महिला रविवारी मी शूनेमच्या बाईवर बोलले, पूर्ण गोष्ट, आणि पाच मिनिटांची वेळ मीच मोडली. शूनेमच्या बाईचं नाव शास्त्रात दिलेलं नाही, आणि पूर्वी मला ते खटकायचं. आता वाटतं, बरंच झालं. ज्या घरावर नाव लिहिलेलं नाही तिथेही प्रभू बरोबर पोचतो, कधी कधी सकाळच्या पहिल्या एसटीने, दोन आंघोळी करून. माझ्या वह्या अजून आहेत, रकाने अजून आखते, आणि नियम तीन सभांचाच आहे, फक्त रेघ मारण्याआधी आता त्या घरी माणूस जातो, आणि बहुतेक वेळा तो माणूस मीच असते. फोनमधली मंडळाची ती यादी मात्र तशीच आहे. गाव सोडून गेलेल्या, न येणाऱ्या, कापलेल्या, सगळ्या तिच्यात आहेत. सरोज म्हणते, एकदा ती साफ कर. मी करत नाही. माझ्या हातून झालेली ती चूक कुणी माझ्यासाठी जपून ठेवली होती, हे मला माहीत आहे, आणि तिच्यात दुरुस्ती करण्याइतकी शहाणी मी आता राहिले नाही.